नऊ कंटेनर

मुबीनचं जहाज आठ हजार कंटेनर नेतं,
म्हणून मी फोनवर म्हटलं, मलाही चालवायचेत, घरी, नऊच,
तर तो इतका हसला की रेंज गेली.

परत लागला तेव्हा समजावलं:
यंत्र एकच, आत बंद डबे,
एकात रेकॉर्डिंग, एकात फोटो,
एकात अल्फियाच्या शाळेच्या फायली;
शेजारच्यात काय शिजतंय ते कुणालाच माहीत नसतं.
एक बुडाला तरी बाकीचे तरंगतात.
तो म्हणाला, आमच्यात उलटं,
वादळात एकाचा साखळदंड सुटला की अख्खी रांग जाते.
मग म्हणाला, ते राहू दे,
माझे सामने तेवढे टिपून ठेव. आणि निकाल
कुणीही सांगायचा नाही.

चिपळूणला लोवलेकरांच्या दुकानात
पुराची रेघ अजून भिंतीवर आहे, माझ्या खांद्याच्या वर.
त्यांनी कुठल्याशा बँकेतला जुना टॉवर काढला,
स्वस्त, दणकट, चार डिस्क मावणारा.
मी विचारलं, हा रेघेच्या वर होता की खाली?
ते रागावले नाहीत. वर, म्हणाले. पण वीज पितो.
वॅटमीटर मी पर्समधूनच नेला होता.
नुसता बसला तरी साठ.
दाभोळात लाईट गेली की इन्व्हर्टरवर
एक पंखा असतो, आणि सासऱ्यांचं ऑक्सिजनचं मशीन.
साठ वॅट कुणाच्या तोंडातून काढू?

दुसरा तळहाताएवढा बोर्ड,
दोन चॅनेल एकदम लावले की धापा टाकणारा.
तिसरा पुस्तकाएवढा,
पंखा नाही, अंगालाच खाचा, उष्णता तिथून जाते.
चिप साधी, पण चित्र दाबून लहान करायचं काम
तिच्या हातात उपजतच.
सोळा जीबी मेमरी. रिकामा असला तर सात वॅट.
पंखा नाही ना, हे मी दोनदा विचारलं.
आमच्याकडे खाडीचा वारा पंख्यातून आत शिरतो
आणि दोन वर्षांत तांबं हिरवं करून जातो,
पाली अंडी घालतात ते वेगळंच.

डिस्क मात्र महाग घेतली,
दुकानांतल्या कॅमेऱ्यांसाठी असते ती, रात्रंदिवस लिहिणारी.
घरात एवढी कशाला, लोवलेकर म्हणाले.
मी म्हटलं, सहा महिन्यांत किती सामने होतात
माहीत आहे का तुम्हाला?

माळ्यावर पत्रा तापतो.
म्हणून फडताळात, तांदळाच्या पिंपाशेजारी, मागची फळी काढून.
डिस्क लिहिताना बारीक कुरतडल्यासारखी वाजते;
पहिल्या रात्री सासरे काठी घेऊन उठले.

टिकते का बघायला
खिडकीत जुना कॅमेरा लावून तीन दिवस चालू ठेवला.
समोर विशेष काही नाही.
फेरीबोट धोपाव्याला जाते, येते.
कुणीतरी जाळं उन्हात पसरतं.
अल्फिया सायकलवरून पडते, इकडेतिकडे बघते,
कुणी पाहिलं नाही म्हणून रडत नाही.
सासरे ओट्यावर चष्मा पुसतात,
उजेडाकडे धरतात, पुन्हा पुसतात.
एकही फ्रेम गळली नाही.
फाईल काढून टाकायची राहून गेली.

ऑगस्टात ऑक्सिजनचं मशीन परत केलं.
तेव्हापासून इन्व्हर्टर रात्रभर पुरतो.

मुबीन डिसेंबरात उतरला.
पहिला सामना लावला आणि चौथ्या षटकाला झोपला.
दुसऱ्या दिवशी चाळता चाळता
त्याला 'चाचणी ३' सापडलं.
आवाज नाही त्याला. तो पुढे सरकवत नाही.
मध्येच म्हणतो, दहाची फेरी उशिरा सुटली होती त्या दिवशी.
मी भाकऱ्या करते, बघत नाही,
पण कुठवर आलं ते मला त्याच्या गप्प होण्यावरून कळतं.

काल डिस्क शहाण्णव टक्के भरली.
सोमवारपासून नवी मालिका, जागा हवी.
मी यादी उघडून बसले, वर-खाली करत.
तो मागून म्हणाला,
अंतिम सामना काढून टाक.
कोण जिंकलं ते मला जहाजावरच कळलं होतं.